आकडा आधी तुमचा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार.

माझं वय ७२. वाईला राहते, एकटीच. शाळेत गणित शिकवायचे. यजमान जाऊन तीन वर्षं झाली. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे, साखर काठावर आहे, गुडघे कुरकुरतात. बाकी ठीक.

मुलगा आणि सून सिएटलला असतात. दिवाळीत आले तेव्हा मुलाने एक खोकंच भरून आणलं. मोबाईलला जोडायचं बीपीचं मशीन, पडले तर ओळखणारं मनगटी घड्याळ, हॉलमध्ये लावायला कॅमेरा. सगळं एका ॲपमध्ये, आणि तेच ॲप त्याच्याही फोनवर.

ते परत गेले आणि आठवड्याच्या आत हे झालं: मी बाजारातून आले, जिना चढले, तोच त्याचा व्हिडिओ कॉल. म्हणाला, "आई, आत्ता मशीन लाव बघू." १५८/९२ आलं. थोड्या वेळात सुनेचा फोन, मग पुण्याहून पुतण्याचा. संध्याकाळी शेजारच्या वहिनी दारात, "काकू, बरं नाही का?" तेव्हापासून मशीन कपाटात आहे. घड्याळ चार्जरवरून उचललेलं नाही. कॅमेऱ्यावर टॉवेल टाकलाय.

मुलगा रागावलाय. म्हणतो, "तू टेक्नॉलॉजीला घाबरतेस." अहो, मी व्हॉट्सॲप वापरते, दूधवाल्याला फोनवरून पैसे देते, विजेचं बिल भरते. भीती नाही वाटत. पण माझ्याच घरात मी पेशंट झाल्यासारखं वाटतं. नणंद म्हणते, सगळं फेकून दे. मी हट्टी आहे का? यातलं काय ठेवू, काय परत पाठवू?

— एक निवृत्त शिक्षिका, वाई

उत्तर

बाई, सप्रेम नमस्कार.

(गणिताच्या शिक्षिकेला 'काकू' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शाळेतल्या बाई त्या बाईच.)

तुम्ही हट्टी नाही, हे आधी सांगून टाकते. जी बाई दूधवाल्याचा हिशेब फोनवर चुकता करते, तिला यंत्राची भीती वाटते हे चिरंजीवांचं निदान चुकलेलं आहे. खरं दुखणं तुम्ही एका वाक्यात लिहिलंय: माझ्याच घरात मी पेशंट झाले.

असं वाटणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २००८ च्या सुमारास कॉर्नवॉल, केंट आणि लंडनमधलं न्यूअम अशा तीन भागांत मोठा प्रयोग केला. मधुमेह, हृदयविकार, फुप्फुसाचे जुने आजार असलेल्यांच्या घरी मापं घेणारी यंत्रं ठेवायची, आणि दूर बसलेल्या परिचारिकांनी त्या आकड्यांवर लक्ष ठेवायचं. बऱ्याच जणांनी नको म्हणून सांगितलं. त्या नकार देणाऱ्यांना संशोधक पुन्हा जाऊन भेटले आणि त्यांचं म्हणणं २०१२ साली छापून आलं. हे यंत्र आपल्याला जमायचं नाही, असं म्हणणारे होतेच. पण त्यांच्या जोडीला दुसरे होते, आणि त्यांचं बोलणं ऐकलं तर वाईची आठवण यावी. माझं मी बघतोय, मला एवढं परावलंबी कुणी ठरवलं? आणि मला ओळखणारे डॉक्टर, नर्स आहेत, ते या खटाटोपात सुटणार तर नाहीत ना?

म्हाताऱ्या माणसांना नवं काही नको असतं, हे आपल्याकडे फार सहज बोललं जातं. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या आजीआजोबांना काय नको असतं, ते मला माहीत आहे: स्वतःबद्दलची बातमी आपल्याआधी दुसऱ्याला कळलेली त्यांना नको असते. तुमच्याकडे नेमकं तेच झालं. १५८ हा आकडा तुमच्या दंडातून निघाला आणि तुम्ही चष्मा शोधेपर्यंत सिएटलला पोचला. तिथून पुण्याला आणि पुण्याहून शेजारी. सगळ्यांत शेवटी, भलत्याच रूपात, तो तुमच्या दाराशी परत आला.

पण माझीही एक तक्रार आहे. कॅमेऱ्याच्या रागात तुम्ही बीपीचं मशीनही कपाटात टाकलंत. तीन वस्तू आल्या म्हणून तिघींना एकच शिक्षा देऊ नका. प्रत्येक वस्तू वेगळी हातात घ्या आणि तिला एकच प्रश्न विचारा: आकडा आल्यावर पुढे कोण काय करणार?

हा प्रश्न मी उगाच काढलेला नाही. २०१७ साली २५ चाचण्यांमधल्या दहा हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. नुसतं घरी बीपी मोजत बसल्याने ते खाली येत नाही, असं त्यात दिसलं. ते आकडे पाहून कुणी गोळ्या कमीजास्त केल्या, मार्गदर्शन केलं, तिथे फरक पडला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या ११०० हून जास्त रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींच्या गोळ्या दवाखान्यातल्या मापावरून ठरवल्या, काहींच्या घरच्या मापांवरून. वर्षाअखेर घरी मोजणाऱ्यांचं बीपी कमी होतं. आणि पुढचा तपशील तर खास तुमच्यासाठीच असावा. घरी मोजणाऱ्यांतल्या काहींनी आकडे मोबाईलवरून संदेशाने पाठवले होते, काहींनी साध्या कागदावर लिहून. वर्षाच्या शेवटी या दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

म्हणजे वही चालते. वहीतला आकडा औषध बदलू शकणाऱ्या माणसापर्यंत पोचला की झालं. तुमचं १५८ गोळी बदलू न शकणाऱ्या तिघाचौघांना कळलं आणि वाईतल्या तुमच्या डॉक्टरांना मात्र त्याचा पत्ता नाही.

आता त्या १५८ कडे जरा गणिताच्या नजरेने बघू. बाजार, हातात पिशवी, जिना, त्यावर व्हिडिओ कॉल, म्हणजे बोलणं चालूच. पलंगावर बसला असाल तर पाय लोंबकळत असणार. ब्लाउजची बाही वर सरकवून तिच्या खाली पट्टा बांधला असेल तर ती घट्ट बाही दंडाला आवळत असणार. यातली एकेक गोष्ट आकडा बिघडवायला पुरेशी आहे. वर्गात पोरं दंगा करत असताना घेतलेल्या परीक्षेला तुम्ही मार्क दिले नसते. या आकड्यालाही देऊ नका.

नीट मोजायचं ते असं. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, मशेरी, कामाची धावपळ नको. लघवीला जाऊन या. पाठीला टेका असलेल्या खुर्चीवर बसा, दोन्ही तळवे जमिनीवर टेकलेले, पायावर पाय नाही आणि मांडीही घातलेली नाही. हात टेबलावर असा ठेवा की दंडाचा पट्टा हृदयाच्या उंचीला येईल. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, सैल बाहीचा ब्लाउज त्यासाठी बरा. मग पाच मिनिटं काही न करता बसायचं. काही न करता म्हणजे फोनही नाही आणि कामाच्या बाईंना सूचनाही नाहीत. शिक्षकांना हे सगळ्यांत जड जातं, मला ठाऊक आहे. मशीन चालू असताना तर अक्षरही बोलायचं नाही. एक माप झालं की मिनिटभर थांबून दुसरं, आणि दोन्ही लिहून ठेवायची. सकाळी गोळी आणि चहा घेण्याआधी, आणि संध्याकाळी एकदा.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजून बघा. ज्या बाजूला आकडा जास्त येतो तो दंड पुढे कायमचा धरा. दोन बाजूंत मोठा फरक येत असेल तर तोही डॉक्टरांना सांगायचा.

हे रोज वर्षभर करायचं नाही. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा आठवडा, किंवा गोळी बदलल्यावर ते सांगतील तेव्हा. सात दिवसांतला पहिला दिवस सोडून द्यायचा, कारण तो बहुधा चढा असतो, आणि उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढायची. ॲप ही सरासरी काढून देतं, पण तुम्ही ती तोंडी काढाल आणि ॲपची चूकही पकडाल. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली असली तर साधारण ठीक समजतात. दवाखान्यात हीच रेष १४०/९० ची असते, कारण तिथे पुष्कळांचं बीपी नुसतं डॉक्टर समोर दिसल्याने वर जातं. काहींचं उलट होतं. दवाखान्यात छान आणि घरी चढलेलं. ते घरच्या मशीनला सापडतं, आणि तेवढ्यासाठी तरी ते कपाटातून बाहेर यायला हवं. तुमच्या बाबतीत कुठवर खाली आणायचं ते मात्र तुमचे डॉक्टर ठरवतील. सत्तरीनंतर बीपी फार खाली जाणंही बरं नसतं. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बसून मोजा, उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. त्या वेळी जवळ कुणीतरी असू द्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. वयस्कर माणसं पडतात त्यात या कारणाचा वाटा मोठा असतो.

घाबरायचं कधी, तेही वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा. १८०/१२० च्या वर आकडा आला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं यांपैकी काहीही असेल तर १०८ लावा. सिएटलला नंतर. यातलं काहीच नसेल तर शांत बसून थोड्या वेळाने पुन्हा मोजा, आणि तरीही तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि ही लक्षणं असताना मशीन चांगला आकडा दाखवत असेल तरी १०८ लावायचा.

नणंदबाईंना सांगा की मशीन फेकायचं नाही, हवं तर त्यांचंही बीपी त्यावर बघा. आधी शिंप्याच्या टेपने त्यांच्या दंडाचा घेर मोजा. साधारण पट्टे २२ ते ३२ सेंटीमीटरच्या दंडाला बेतलेले असतात, मापं पट्ट्यावरच छापलेली असतात. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. आणि मशीनवर दोन माणसांसाठी वेगळं बटण असेल तर ते वापरा.

मोबाईल जोडायचा की नाही? तुम्हाला हवं असेल तर जोडा. न जोडताही ही मशीन एरवी तेवढंच काम करतात, आकडा पडद्यावर दिसतो. जोडायचं असेल तर ॲपमध्ये दुसऱ्याला आकडे दाखवण्याची सोय बंद करून घ्या. आठवड्याची सरासरी तुम्ही स्वतः मुलाला पाठवा, तुम्हाला वाटेल त्या दिवशी. ती लपवू नका, असंच माझं मत आहे. पण ती तुम्ही सांगावी, यंत्राने परस्पर कळवू नये.

आता घड्याळ. याच्या बाबतीत मी थोडी मुलाच्या बाजूची आहे. एकट्या राहणाऱ्या, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाने पडण्याचा विचार केलाच पाहिजे. नुसतं पडण्याने जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त कधी कधी पडून तासन्‌तास तसंच राहिल्याने होतं. तेव्हा महिनाभर घालून बघा. पण ते काय करतं आणि काय नाही, ते माहीत असू द्या. ते ओळखतं जोराचं पडणं. भिंतीचा आधार घेत घसरत खाली बसलात तर त्याला पत्ता लागेलच असं नाही. उलट कणीक तिंबताना, पलंग झटकताना ते उगाच "तुम्ही पडलात का?" विचारू शकतं. बऱ्याच घड्याळांना फोन लावायला मोबाईल जवळपास लागतो, आणि तुमचा मोबाईल वरच्या खोलीत नि तुम्ही अंगणात असं असेल तर उपयोग नाही. ते पाण्यात चालतं का तेही मुलाला विचारा. लोक आंघोळीला जाताना घड्याळ काढून ठेवतात, आणि घसरतात न्हाणीघरातच. चार्जिंग संध्याकाळी टीव्हीसमोर बसाल तेव्हा करायचं, म्हणजे रात्री उठताना ते हातात असेल.

पडल्यावर घड्याळ कुणाला फोन लावणार, हे आत्ता काय नोंदवलंय ते बघा. तिथे मुलाचा नंबर असणार. तो बिचारा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, घड्याळाने बारा-तेरा तास मागे. पहिला नंबर शेजारच्या वहिनींचा हवा, अर्थात त्यांना विचारून. दुसरा गावातल्याच कुणाचा तरी. आणि वहिनी धावत आल्या तरी दाराला आतून कडी असेल तर? घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा, आतली कडी न लावता बाहेरून किल्लीने उघडेल असं कुलूप बसवून घ्या, न्हाणीघराचं दार नुसतं लोटून घेत जा. न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला पक्क्या दांड्या, पलंगापासून तिथवर रात्रभर जळणारा मंद दिवा, जमिनीवर पाय न घसरू देणारी पट्टी. हे सगळं घड्याळाच्या किमतीत होतं, आणि पडल्यावर कळवण्यापेक्षा पडूच नये हे बरं. मुलाला खर्चच करायचा असेल तर सुताराचं आणि प्लंबरचं बिल त्याला पाठवा.

एक सूचना महत्त्वाची आहे. घड्याळात ईसीजीची सोय असेल तर तिच्यावर विसंबून छातीतलं दुखणं अंगावर काढू नका. ती हृदयाच्या ठोक्यांची लय बघते. हार्ट अटॅक ओळखायला ती बनवलेलीच नाही. आणि उद्या मुलगा "सुई न टोचता साखर दाखवणारं" घड्याळ पाठवतो म्हणाला तर ठाम नको म्हणा. त्वचेला न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. काठावरच्या साखरेला डॉक्टर सांगतील तेव्हा लॅबमधली तपासणी पुरते.

कॅमेरा काढून टाका. टॉवेल टाकून अर्धवट ठेवू नका, स्क्रू काढून खोक्यात भरा. तुमच्या हॉलमध्ये तुम्ही कशा बसता, कुणाशी बोलता, कामाच्या बाई घाम पुसायला पदर कसा ओढतात, हे कुणीही, कितीही प्रेमाने, बघत राहावं असं नाही. त्या बाईंना तर कुणी विचारलंही नसेल. पुढे कधी विसरण्याचा आजार झाला, अंथरूण धरावं लागलं, तर हा प्रश्न पुन्हा काढता येईल. तोही तुम्हाला धड बोलता येतंय तोवर तुमच्याशी बोलून ठरवायचा. आज त्याची गरज नाही.

मग आई सकाळी उठली की नाही हे मुलाला कसं कळावं? जपानमध्ये झोजिरुशी या कंपनीने २००१ साली चहाच्या पाण्याची एक किटली आणली. आजीने सकाळी गरम पाणी ओतून घेतलं की दूरच्या मुलांना तसं कळतं. आजीने काही दाबायचं नाही, काही शिकायचं नाही, तिचं चित्रही कुठे जात नाही. मला ही कल्पना फार आवडते. आपल्याकडे त्याहून स्वस्त सोय आधीपासून आहे: सकाळचा गुलाबाच्या फुलाचा व्हॉट्सॲप मेसेज. तरुण मंडळी त्याची टिंगल करतात, पण आठच्या आत फूल आलं म्हणजे आई उठली, फोन चार्ज आहे, चष्मा सापडलाय, बोटं चालतायत, एवढं सगळं एका गुलाबात कळतं. नऊपर्यंत फूल आलं नाही तर मुलाने वहिनींना फोन करायचा, असं आपसात ठरवा. तुमची सकाळ म्हणजे त्याची आदल्या दिवशीची संध्याकाळ, तेव्हा त्याची झोपही मोडत नाही.

फोनबद्दल थोडंसं. वयाबरोबर बोटांची टोकं कोरडी होतात आणि पडदा दाद देत नाही. बोट जरा जास्त वेळ टेकलं की फोनला वाटतं तुम्हाला दुसरंच काही हवंय. तो दोष तुमचा नाही. सेटिंग्जमध्ये, ॲक्सेसिबिलिटी या भागात, बोट किती वेळ टेकलं तर "दाबून धरलं" समजायचं ती वेळ वाढवता येते. अक्षरं मोठी करता येतात. टाइप करण्याऐवजी मराठीत बोलून लिहिता येतं. रंग फिके, धूसर दिसत असतील तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्या, मोठा फोन घेण्याआधी. आणि शिकायचं ते मुलाकडून व्हिडिओ कॉलवर नको. "अगं तिकडे नाही, वर, वर!" यात नाती बिघडतात. शेजारची एखादी कॉलेजची मुलगी बघा. तिने सांगितलेल्या पायऱ्या तुमच्या शब्दांत, तुमच्या अक्षरात वहीत उतरवून घ्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर स्वतः करून दाखवा.

फोनवरून डॉक्टरांशी बोलणं हे तुमच्या खोक्यात नव्हतं, पण तुमच्या गुडघ्यांसाठी सगळ्यांत कामाचं तेच ठरेल. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने त्याची नियमावली काढली, तेव्हापासून नोंदणीकृत डॉक्टर फोनवरून किंवा व्हिडिओवरून तपासून औषध लिहून देऊ शकतात. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा की वहीच्या पानाचा फोटो पाठवला तर चालेल का, ते कधी बघतील, आणि त्याची फी किती. फी विचारायला लाजू नका. फुकट मागितलेला सल्ला रात्री अकराला घाईत दिला जातो. सरकारची ई-संजीवनी ही सेवा मोफत आहे, तिथे व्हिडिओवर डॉक्टर भेटतात. रिपोर्ट दाखवणं, चालू गोळ्यांबद्दल विचारणं यासाठी हे सगळं ठीक. नवं पोटदुखणं, दम, पायाची जखम यासाठी रिक्षा करून दवाखान्यातच जायचं.

'आभा' क्रमांक आणि आयुष्मान कार्ड यांत लोकांची फार गल्लत होते. आभा हा तुमचे रिपोर्ट एकत्र जोडायचा १४ अंकी नंबर आहे, त्यावर पैसे मिळत नाहीत. आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं. ते ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी मिळतं, आणि योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यास वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आहे. तुम्ही ७२ च्या, ते काढून ठेवा. पण "कार्ड काढून देतो" म्हणत व्हॉट्सॲपवर कुणी फाईल पाठवली तर उघडू नका, आणि फोनवरून ओटीपी मागणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करा. पैसे गेलेच तर तडक १९३० लावा, तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे.

आता चिरंजीव. त्याचा राग मला फारसा राग वाटत नाही. वडील गेले तेव्हा तो कुठे होता हे तुम्ही लिहिलेलं नाही, मीही विचारत नाही. दूर असलेला मुलगा पैसे आणि वस्तू पाठवू शकतो, म्हणून तो वस्तू पाठवतो. त्याला दुसरं काम द्या. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा तुमच्या परवानगीने त्याला फोनवर घ्या. प्रश्न तुम्ही विचारायचे, त्याने ऐकायचं आणि शेवटी काही राहिलं असेल तर विचारायचं. आणि त्याला एवढं लिहून कळवा: "मशीन वापरणार. घड्याळ महिनाभर घालून बघणार. कॅमेरा परत घेऊन जा. बीपी किती आलं ते रविवारी मी सांगेन, मधल्या दिवशी विचारायचं नाही. एखादा आकडा वाढला तर काय करायचं ते वहीत लिहिलेलं आहे, त्याचा फोटो सोबत." गणिताच्या बाईंच्या मुलाला अटी वाचून उत्तर लिहायची सवय असणारच.

पुढच्या भेटीला जाताना वहीबरोबर मशीनही पिशवीत टाका. डॉक्टरांच्या उपकरणावर आणि तुमच्या मशीनवर, त्याच दंडाला, लागोपाठ मोजून घ्या. वरच्या आकड्यात पाचापर्यंतचा फरक चालतो. सहा ते दहाचा आला तर पट्टा नीट बसलाय का बघून पुन्हा मोजायचं. सतत दहाहून जास्त येत असेल तर वॉरंटी संपायच्या आत मशीन बदलून घ्या. पावती मुलाकडे असेल, ती आत्ताच मागवून ठेवा.